तार तुटेल म्हणून

दुकानात त्यांना सगळे जपूनताई म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवायचा, काड्या गरम करून कानामागे नीट वाकवायच्या, डबी हातात द्यायची आणि म्हणायचं, "जपून." एवढ्यावर थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण त्या दारापर्यंत पोचलेल्या माणसालाही मागून "पायरी आहे, जपून" म्हणायच्या. एकदा तर अग्निशमन दलातला एक धिप्पाड जवान चष्मा न्यायला आला, तर त्यालाच विचारलं, "गॅस बंद करून निघालात ना?" तो बिचारा खरंच विचारात पडला.

काळजी ही ताईंची पूर्णवेळची नोकरी होती, दुकान आपला जोडधंदा. नवरा खाली जिन्यात शेजाऱ्यांशी गप्पा मारत उभा असायचा, आणि तेवढ्या वेळात वर ताईंच्या डोक्यात त्याला हॉस्पिटलात भरती करून, शुद्धीवर आणून, घरी आल्यावर पथ्याचं काय करायचं इथपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. मग तो दारात उभा राहिला की त्याचा रागच यायचा. इतकं करून हा धडधाकट!

पण या सगळ्या किरकोळ काळज्या. घाऊक काळजी लेकीची.

लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि गायची. स्वतःच गाणी रचायची, स्वतःच चाली लावायची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिचं नाव पुकारलं, ती माइकपाशी गेली, तोंड उघडलं, आणि आतून काही म्हणजे काही आलं नाही. तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग मान खाली घालून उतरली. त्या दिवसापासून ती फक्त स्वयंपाकघरात गायची, तेही भांडी घासताना, नळ मोठा सोडून. नळ बंद झाला की गाणं बंद. दाराची बेल वाजली की गाणं बंद. ताई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत कान लावून बसायच्या, आणि त्याच चार कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालायच्या. पोरीचा आवाज असा सिंकमध्ये वाहून चाललाय, हे त्यांच्याने बघवत नव्हतं.

"एकटी होती म्हणून घाबरली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शेजारी मी उभी असते ना, तर गायली असती."

"शेजारी तू असतीस," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "तर दोघीही घाबरल्या असत्या."

कपाटावर लेकीची गिटार पडून होती. शाळेत असताना हट्टाने घेतलेली आणि हट्ट संपल्यावर वर ठेवून दिलेली. ताईंनी स्टुलावर चढून ती काढली. स्टूल आधी दोनदा हलवून बघितलं, ते वेगळं सांगायला नको.

गिटारचा क्लास सायकलदुरुस्तीच्या दुकानावर होता. शिकवणारे सर पोस्टातून निवृत्त झालेले, बारीक आवाजाचे, भयंकर शांत. क्लासमध्ये क्लासच्याच गिटारी असायच्या, त्यामुळे ताईंनी घरची गिटार कधी बाहेर नेली नाही. बसमध्ये कुणाला लागली असती, किंवा तिला कुणी लागलं असतं.

पहिल्या दिवशी सरांनी दोन कॉर्ड दाखवल्या. म्हणजे तीन-तीन बोटं ठरल्या जागी तारांवर दाबायची आणि उजव्या हाताने सगळ्या तारांवरून खाली-वर हात फिरवायचा. बघताना वाटलं, हे तर काहीच नाही. ताईंनी बोटं ठेवली, हात फिरवला, आणि पत्र्यावर चमचे सांडल्यासारखा आवाज झाला.

"सॉरी," ताई म्हणाल्या.

"दाबा जोरात."

ताईंनी पुन्हा हात फिरवला. पुन्हा चमचे. "सॉरी हं, सर."

"ताई, तुम्ही तारेला दुखेल म्हणून हळू दाबताय का?"

ताईंनी बोटं उचलून घेतली. कारण खरं तेच होतं.

बोटांच्या टोकांना आधी लाल वळ आले, मग फोड, मग घट्टे. दुकानात नाजूक फ्रेमचा स्क्रू बसवताना बोटांना काही कळेना, स्क्रू सारखे काउंटरखाली पडायला लागले. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बोटं हवेत अशी तरंगायची, जणू घराची किल्ली कुठे ठेवली ते आठवतायत. मालक म्हणाले, "ताई, या वयात गिटार?" त्यावर ताई म्हणाल्या, "जपून वाजवते."

एके दिवशी सरांनी तारा जुळवायला शिकवलं. जाड तार आधी योग्य सुराला लावायची, मग तिच्या पाचव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या खणात, बोट ठेवून जो सूर येतो त्याला पुढची तार मिळवायची, मग तिच्यावरून पुढची. अशी एकीवरून एक, फक्त एका तारेला चौथा खण. "बारीक तार जरा सांभाळून," सर जाता जाता म्हणाले. "फार पिळली तर कधीकधी तुटते. तोंड जवळ नेऊ नका."

सर हे बोलून विसरूनही गेले. पण हे कुणासमोर बोलतोय याचा त्यांनी विचार करायला हवा होता. ज्या बाईचा जन्म डोळ्यांच्या दुकानात चाललाय, तिला तुटलेली तार सगळ्यात आधी कुठे जाईल ते सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी काच घासायच्या खोलीतला जादा संरक्षक चष्मा मालकांकडून मागून घेतला. तोच तो, बाजूंनीही बंद असलेला, पाणबुड्यासारखा दिसणारा. तो चढवून, मान मागे ताणून, हात लांब करून त्या गिटारच्या खुंट्या पिळायच्या. त्यातही जाड तार त्यांनी मुद्दामच थोडी सैल ठेवली. पहिलीच सैल, म्हणजे तिच्यावरून लावलेल्या पुढच्या सगळ्या सैल. कुणावर ताण नको. घरात कुणी नसताना वाजवून बघितलं, अगदी गोड लागलं. ताईंना वाटलं, बघा, थोडं सैल सोडलं की सगळं कसं सुरात येतं. दहावीत लेकीला हे लागू केलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका रविवारी नळ सुरू होता, लेक गात होती, आणि ताई गिटार घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. तिच्याच गाण्याच्या कॉर्ड सरांकडून काढून आणल्या होत्या, त्या वाजवायला लागल्या. लेकीने मागे वळून बघितलं नाही. पण गाण्यात पुढे एक जागा होती, जिथे चाल एकदम वर चढते. तिथे पोचायच्या आत तिने ओल्या हाताने नळ बंद केला आणि ती जागा मोकळ्या आवाजात घेतली.

"आई, तू चुकीची कॉर्ड वाजवलीस," गाणं संपल्यावर ती म्हणाली.

"कुठे?"

"सगळीकडेच. पण चालेल."

ताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदाने, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं, घट्ट्यांमुळे घास धरता येत नसेल.

सरांचा एक छोटा बँड होता. सर स्वतः गिटारवर, की-बोर्डवर दातांचे डॉक्टर, आणि तालाला एक प्लंबर, ज्यांना सगळे दादा म्हणत. दादा एका लाकडी खोक्यावर बसायचे आणि त्याच खोक्याला दोन्ही हातांनी थापा मारायचे. वाचनालयाच्या नव्या वाचनकक्षाच्या उद्घाटनाला त्यांना वाजवायचं होतं, आणि गायला कुणी नव्हतं. ताईंनी आधी भीतभीत सरांना विचारलं, मग त्याहून भीतभीत लेकीला. लेकीने आधी हातातलं भांडं विसळून पालथं ठेवलं. मग म्हणाली, "तू वाजवणार असशील तर. पण परत तसं झालं ना आई, तर मी पुन्हा कधीच कुणासमोर गाणार नाही. मला विचारूसुद्धा नकोस."

झालं. आता ताईंना काळजीसाठी शोधाशोध करायची गरज उरली नाही.

सराव डॉक्टरांच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या खोलीत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र, त्याखाली ओळीने खुर्च्या. घरची गिटार त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, दुपट्यात गुंडाळून. सरांनी एक-दोन-तीन-चार म्हटलं, सगळ्यांनी एकदम सुरुवात केली, आणि भिंतीवरच्या दाढेलाही कळ यावी असा आवाज झाला.

"डॉक्टर," दादा म्हणाले, "तुमच्या पेटीचा काहीतरी लोचा आहे."

"नवीन आहे ती! तुमच्या खोक्यात वाळवी लागली असेल."

"खोक्याला सूर असतो का कधी?"

सरांनी हात वर केला. आधी डॉक्टरांना एकट्याला वाजवायला लावलं. ठीक. मग ताईंना. तेही ठीक. मग दोघांना एकत्र, की पुन्हा तीच कळ. सरांनी ताईंची गिटार मांडीवर घेतली, एकेक तार छेडली आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला.

"ताई, तुमची गिटार स्वतःशी अगदी प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "फक्त जगाशी तिचं जमत नाही. पूर्ण एक सूर खाली आहे ही. का बरं?"

ताईंनी सांगितलं. चष्म्यासकट सांगितलं. दादा खोक्यावरून उतरून भिंतीकडे तोंड करून हसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "ताई, माझ्याकडे ये-जा करणारे पेशंटसुद्धा तुमच्यापेक्षा धीट असतात हो."

सरांनी तारा पिळून वर आणल्या. तेवढा वेळ ताई औषधांच्या कपाटाआड उभ्या होत्या. मग पुन्हा गाणं सुरू झालं, आणि या वेळी सगळं छान जुळलं. फक्त ती वरची जागा आली आणि लेकीचा आवाज चिरकला. पुन्हा घेतली, पुन्हा चिरकला. तिसऱ्यांदा तिने घेतलीच नाही.

"घरी येतं मला," ती एवढंच म्हणाली.

घरी येणारच. घरी आईने तिला एक पायरी खाली उतरवून ठेवलं होतं, दोघींनाही न कळता. येताना बसमध्ये लेक खिडकीबाहेर बघत बसली आणि ताई मनात स्वतःच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आपल्या भित्रेपणाने पोरीला खोटी उंची दाखवली. आता खऱ्या उंचीवर तिची पुन्हा फजिती होणार, आणि मग कायमची कुलूपबंद.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बँडचा फोनवर एक ग्रुप होता आणि ताईंनी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. फोन टुणकन वाजला की त्यांना वाटायचं लेकीला काहीतरी झालं, आणि बघावं तर दादांनी फुलांचं चित्र पाठवलेलं. शिवाय ताई तो उघडूनही बघत नसत. पुढचा सराव ठरला शनिवारी दुपारी, आणि त्या दिवशी ताईंना दुकानातून सुट्टी मिळाली नाही. लेक एकटी जाऊन आली. आली ती गुणगुणतच.

"जमलं!" ती म्हणाली. "वरची जागा अगदी सहज आली. तू ग्रुपवर वाचलंस ना सरांनी काय लिहिलंय ते?"

"हो हो," ताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष 'जमलं' या शब्दापुढे गेलंच नव्हतं. पोरीने खऱ्या उंचीवर ती जागा घेतली! आता आपणच खाली बसून राहायचं? एवढीशी पोर धीट होते आणि आपण पाणबुड्याचा चष्मा लावून मान मागे खेचतो? शोभतं का?

दुसऱ्या दिवशी रविवार, उद्घाटनाचा दिवस. सकाळी लेक अंघोळीला गेल्यावर ताईंनी बेडरूमची कडी लावली. सरावानंतर घरी आल्यावर त्यांनी सवयीने तारा पुन्हा सैल सोडल्या होत्याच. चष्मा चढवला. फोनवर सूर दाखवणारं अॅप सुरू केलं. बरोबर सूर आला की त्यात हिरवा दिवा लागायचा. जाड तार पिळली, हिरवा. पुढची, हिरवा. शेवटची बारीक तार पिळताना त्यांनी डोळे घट्ट मिटले, मग हिरवा दिवा दिसणार कसा म्हणून एक उघडला. हिरवा! तार तुटली नाही. डोळा जागेवर होता. आपल्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट ताणून झाली, या विचाराने ताई स्वतःवर इतक्या खूश झाल्या की कडी काढायचीच विसरल्या. नवरा बाहेरून दार वाजवत राहिला. कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. स्टेजवर आपोआप कळेल.

कळलं.

वाचनकक्ष माणसांनी भरला होता. नव्या रंगाचा वास येत होता, पुस्तकांची कपाटं अजून अर्धी रिकामी होती. कोपऱ्यात एक बुटका मंच. लेक माइकपाशी उभी राहिली. तिचे खांदे कानांपर्यंत गेलेले ताईंना मागून दिसले. सरांनी एक-दोन-तीन-चार म्हटलं, ताईंनी आयुष्यातल्या सगळ्या धैर्यानिशी हात मारला, आणि दवाखान्यातली ती दाढ पुन्हा ठणकली.

सगळे थांबले. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून फुंकरलं.

"ताई," सर कुजबुजले, "आपण सगळे एक सूर खाली आलोय. तुमच्या घरच्या सुरावर. ग्रुपवर लिहिलं होतं ना मी? डॉक्टरांनी बटण दाबून खाली घेतलंय, मी तारा उतरवल्यात."

"मी वर गेले," ताई म्हणाल्या.

"कधी?"

"आज सकाळीच."

लेक वळून बघत होती. तिचा चेहरा ताईंनी ओळखला. स्नेहसंमेलनात त्या पाचव्या रांगेत होत्या, आणि तेव्हाही असाच पांढरा झाला होता. डॉक्टरांनी समंजसपणे की-बोर्डकडे हात नेला. एक बटण दाबलं की ते वर येणार होते, सर हात सरकवून कसंही निभावून नेणार होते. म्हणजे वर जायचं राहणार होतं एकटीला.

"काका, बटण राहू द्या," लेक म्हणाली.

ती माइकपाशीच उभी होती, त्यामुळे हे सगळ्या कक्षाने ऐकलं. स्वतःचाच आवाज चारही भिंतींवरून परत आलेला ऐकून ती दचकली. समोर माणसं वाट बघत होती. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

"थोडं थांबावं लागेल," ती म्हणाली. "माझी आई तार तुटेल म्हणून घाबरते. म्हणून आम्ही सगळे तिच्यासाठी खाली आलो. आणि ती आमच्यासाठी वर गेली."

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"आई, चष्मा आणलायस का?"

"पर्समध्ये आहे," ताई म्हणाल्या. खोटं बोलायला सुचलंच नाही.

"मग घाल ना. लोकांचं काय एवढं!"

ताईंनी घातला. कक्षात हशा पिकला. पहिल्या रांगेतून नवऱ्याने फोटो काढला, तेवढीच त्याला संधी. खरं तर तार सैल करताना ती तुटायची काही भीती नसते, हे ताईंना पुढे सरांकडून कळलं. पण तेव्हा त्या मान मागे ताणून, हात लांब करूनच खुंटी पिळत होत्या. सर आपली जाड तार छेडून सूर देत होते, आणि ताईंच्या कानात नुसती धडधड. काही ऐकू येईना. खुंटी सैल केली तर जास्तच उतरली, आवळली तर भलतीच चढली.

"ऐकू येत नाहीये मला," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

लेक दोन पावलं मागे आली. सरांची तार तिने ऐकली आणि तोच सूर स्वतःच्या गळ्यातून काढला. "आऽऽ. हा घे, आई. हा."

तो आवाज ताईंना ऐकू आला. तो तर त्यांना भिंतीपलीकडून आणि वाहत्या नळातूनही ऐकू यायचा. तार हळूहळू उतरली आणि त्या आवाजाला जाऊन टेकली. लेकीने पुढच्या तारेचा सूर दिला. मग त्यापुढच्या. लांब, सरळ, न थरथरता. कक्षात इतकी शांतता झाली की खुंटीची करकरही ऐकू यावी. शेवटच्या तारेला सूर देऊन झाला तेव्हा दादांनी खोक्यावर हलकेच ठेका धरला होता. लेक त्याच सुरावरून, माइककडे परत जाता जाता, थेट गाण्यात शिरली. तिचं तिला तरी कळलं की नाही, देव जाणे.

वरची जागा आली. पोरीने ती घेतली, आणि घेऊन तिथेच जरा वेळ थांबली, गच्चीत उभं राहावं तशी.

त्या वेळी गिटार वाजत नव्हती. ताई वाजवायचंच विसरल्या होत्या. चष्म्याच्या आत काचा धुरकटल्या होत्या आणि बोटं कुठल्याशा कॉर्डवर तशीच अडकून पडली होती. गाणं संपल्यावर त्या सरांची माफी मागायला गेल्या, तर सर म्हणाले, "कधी थांबला होतात? आम्हाला कळलंच नाही." हे सांत्वन होतं की अपमान, यावर ताई अजून विचार करतायत.

परतताना गिटार लेकीने घेतली. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी दोन गाणी घेऊ या का गं?"

"जपून उतर," ताई म्हणाल्या. दुसरं काही बोलायला गेल्या असत्या तर रडू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी आठवणीने ग्रुपचा आवाज सुरू केला. दुपारी त्या एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवत होत्या, तेवढ्यात फोन टुणकन वाजला. बाईंचा चष्मा वाकडा बसला. ताईंनी फोन उघडला. दादांनी नवऱ्याकडून मिळवलेला, पाणबुड्याच्या चष्म्यातला त्यांचा फोटो पाठवला होता, कडेने फुलं लावून. त्याखाली सरांनी लिहिलं होतं, "सराव रविवारी. ताईंनी गिटार आहे तशी आणावी. कृपा करून तिला हात लावू नये."

"सगळं ठीक ना?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

"अगदी ठीक," ताई म्हणाल्या, आणि त्यांची वाकडी फ्रेम नाकावर सरळ केली.